औशाच्या जीपला टांगलेली तबकडी

"बाहेर! सगळे बाहेर! दप्तरं राहू द्या, जीव घ्या अन् बाहेर व्हा!"

अप्पा सर ओरडत होते आणि त्यांचा आवाज असा, की लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून ओरडले तर औशाच्या किल्ल्यावरची कबुतरं उडावीत. पोरं बाकांवरून उड्या मारत पत्र्याच्या शेडमधून मैदानात आली. चहावाला किटली घेऊन पळाला. शेजारच्या शिलाई दुकानातलं गिऱ्हाईक अर्ध्या मापाचा सदरा अंगावर घेऊन रस्त्यात उभं राहिलं. सगळे आभाळाकडे आणि मग जमिनीकडे पाहत होते. जमीन गप्प होती. हललं होतं ते फक्त माझं नशीब.

आत एकटा मी उरलो होतो आणि माझ्यासमोर एक कॉम्प्युटर. त्याच्या कीबोर्डवरचे दिवे लुकलुकत होते, पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या होत्या, आणि शेवटच्या ओळीचा मथितार्थ असा, की यंत्र भयंकर घाबरलेलं आहे आणि आता काहीही करणार नाही. अप्पांनी ते दिवे पाहिले, 'पॅनिक' हा शब्द वाचला, आणि आमच्या भागातला माणूस जे करतो ते केलं. भूकंपानंतर आमच्याकडे भांडं पडलं तरी माणसं आधी अंगणात जातात आणि मग कोणतं भांडं ते विचारतात.

मी मूळचा नांदेडचा. रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं जे जे बिघडत गेलं ते ते दुरुस्त करत आयुष्य काढलं. माहूरला एका प्रसादवाल्याच्या कॉम्प्युटरमधून मी इतकं कुंकू काढलंय, की त्यात एक लग्न पार पडलं असतं. लोह्याला एकाने मॉनिटरला ऊन लागतं म्हणून त्याला फेटा बांधून ठेवला होता आणि वर मलाच विचारलं, गरम का होतो? पण माझ्या आयुष्यातली खरी लढाई ही लातूरची. आता निवृत्त झालोय, त्यामुळे यातलं काही खोटं आहे असं म्हणणाऱ्यासाठी माझ्याकडे भरपूर वेळ आहे.

आधी अप्पांबद्दल सांगतो, म्हणजे घोळ कसा झाला ते कळेल.

अप्पा सर फिजिक्स शिकवायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि हातात खडू नसला तर माणूस अपुरा वाटायचा. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात घराचं माळवद, म्हणजे दगड-मातीचं ते जाडजूड छत, खाली आलं. गणपती उठून गेलेले, उकाडा होता, घरची माणसं अंगणात झोपली होती म्हणून वाचली. त्या पहाटेपासून अप्पांनी एकच तत्त्वज्ञान धरलं: जड ते वाईट. डोक्यावर असं काहीच नको, जे एका माणसाला उचलता येणार नाही. क्लास काढला तो पत्र्याच्या शेडमध्ये. बाकं बांबूची. फळा प्लायवूडचा. तेव्हा लातूरच्या गल्लीगल्लीत क्लास निघत होते, गावोगावची पोरं पेट्या घेऊन बसमधून उतरत होती, पलीकडच्या गल्लीतल्या क्लासची इमारत मजल्यावर मजले चढवत होती. अप्पा तिच्याकडे बघून म्हणायचे, "वाढू द्या. आपण खाली हाव, आपण सुखी हाव."

शिक्षकांच्या बाबतीतही तेच. कायम नोकरीवर कोणी नाही. गणिताचे सर नांदेडहून, केमिस्ट्रीचे उदगीरहून, बायॉलॉजीच्या बाई हैदराबादहून. लागेल तेव्हा फोन करायचा, यायचं, शिकवायचं, जायचं. व्हिजिटिंग. सगळं लातूर तेव्हा व्हिजिटिंगवर चालत होतं.

कायम म्हणाल तर एकच व्यक्ती, नसीमबाजी. टायपिंगला. बाजींनी अप्पांच्या हस्ताक्षरातले प्रश्न, जे खुद्द अप्पांनाही वाचता येत नसत, सहा महिने बसून टाइप केले होते. बाजींची बोटं चालताना बघितली की तबलजींनी धंदा सोडावा. आणि बाजी मला 'इंजिनिअरसाब' म्हणायच्या, ते आदराने की थट्टेने, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी क्लासची पहिली मोठी सराव परीक्षा होती. कोणीही या, कोणत्याही क्लासचा असा, अशी जाहिरात अप्पांनी केली होती. आठवडाभर रिक्षातून भोंगा फिरत होता. सकाळपासूनच पोरं आणि त्यांचे आईबाप मैदानात जमत होते. पलीकडच्या क्लासवाल्यांनी आपल्या दारात मांडव घालून सरबत ठेवलं होतं, म्हणजे इकडे फजिती झाली की तिकडे तहान भागवायची सोय. पेपर मात्र छापायचा होता. तो होता त्याच कॉम्प्युटरात, जो आता दिवे लुकलुकवत बसला होता. पेपर निघाला नाही तर अप्पांचा क्लास त्या संध्याकाळी पत्रे उतरवून मोकळा झाला असता. हलकाच होता, वेळ लागला नसता.

आता घोळाकडे येतो. यंत्र होतं हैदराबादच्या कुठल्याशा कचेरीतून लिलावात आलेलं. म्हातारं आणि दम्याचं. मी त्यावर लिनक्स चढवलं होतं, म्हणजे यंत्र चालवणारी फुकटातली व्यवस्था. एका मासिकाबरोबर आलेली तबकडी, म्हणजे सीडी, तिच्यावरून. चालायचं, पण उठायला इतका वेळ घ्यायचं, की बाजी बटण दाबून घरी जाऊन भाकरी टाकून यायच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी अप्पा म्हणाले, "दिगांबरराव, ह्याला हलकं करा."

हलकं करता येतं. भुईमुगाच्या शेंगेत दाणा असतो तसा यंत्राच्या व्यवस्थेत एक गाभा असतो. त्याला कर्नल म्हणतात. तयार मिळणाऱ्या कर्नलमध्ये जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांची सोय भरलेली असते. आपल्याला लागेल तेवढंच ठेवून तो नव्याने घडवता येतो. घडवण्याआधी तो एकेक गोष्ट विचारतो आणि प्रत्येकीला तीन उत्तरं चालतात: ठेव, काढ, आणि लागेल तेव्हा बोलावू. त्या काळी मराठवाड्यात हे काम येणारी माणसं दोनच. एक मी, आणि दुसरा मला शिकवून पुण्याला पळून गेला होता.

मी प्रश्न वाचायला लागलो आणि अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. मग ती शिक्षकांची मुलाखतच झाली.

आवाजाची सोय? काढा, पोरं गाणी ऐकतील. कॅमेऱ्याची? काढा, इथे कुणाचं लग्न आहे? टेपची, मोडेमची, जॉयस्टिकची? काढा, काढा, काढा. अप्पांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, की जणू माळवदावरची माती ते स्वतःच्या हाताने फावड्याने खाली ओढतायत. मग फाइलसिस्टिम आली.

"हा काय करतो?" अप्पांनी विचारलं.

"डिस्कवर लिहिलेलं वाचतो."

"त्याला बोलवावं लागतं किती वेळा?"

"यंत्र सुरू होताना. एकदा."

"एकदा येणाऱ्याला कायम कशाला? व्हिजिटिंग ठेवा."

ठेवला. आता इथे काही लोक म्हणतील, तुम्ही जाणकार, तुम्हाला कळायला हवं होतं. मला सगळं कळत होतं. फक्त त्या क्षणी अप्पांचं बोलणं माझ्या कळण्यापेक्षा जास्त पटत होतं. वर जुना कर्नल शेजारी ठेवायचा असतो, अडचणीला उपयोगी पडतो, तोही अप्पांनी पाहिला. "हा दुसरा कोण?" म्हणाले. "म्हातारा," मी म्हणालो. "मग त्याला कशाला दमवताव?" गेला तोही. आणि बाजींचे शेवटचे प्रश्न टाइप व्हायचे होते, म्हणून यंत्र बंद-चालू करून बघायचं राहिलं. बाजींनी काम संपवलं, बंद केलं, गेल्या. सकाळी मी बटण दाबलं आणि जमीन न हलता लातूर रस्त्यावर आलं.

भूकंप नाही म्हटल्यावर अप्पा आत आले. बाजी आल्या. कुणीतरी म्हणालं डिस्क जळाली. मी यंत्राच्या पोटाला कान लावला. डिस्क छान फिरत होती, घुंगरासारखी. पडद्यावर वरच्या ओळीत तिचं नाव आणि माप नीट उमटलं होतं. म्हणजे यंत्राला कपाट दिसत होतं. कपाटातलं वाचता येत नव्हतं. एवढं कळल्यावर बाकीचं माझ्या डोक्यात असं लखकन चमकलं, की क्षणभर मलाही बाहेर पळावंसं वाटलं.

अप्पांना मी आमच्या मुलुखातलं सांगितलं. "निजामाच्या काळातली जमिनीची कागदपत्रं उर्दूत हायत न? ती वाचायला तुम्ही मौलवींना बोलावता?"

"बोलावतो."

"तसा डिस्कवरचं वाचणारा एक मौलवी असतो. त्याला तुम्ही व्हिजिटिंग केलाव. आता त्याला बोलवायचंय, पण त्याचा पत्ता आपण लिहून ठेवलाय त्याच डिस्कवर. उर्दूत."

अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला, त्याबरोबर भस्माचा एक पट्टा पुसला गेला, आणि म्हणाले, "मग बाहेरून दुसरा कोणी वाचणारा आणा."

दुसरा वाचणारा होता. ती मासिकाची तबकडी. तिच्यात पूर्ण, जडजूड, सगळ्यांना ओळखणारा कर्नल होता. ती घालायची, तिच्यातला गाभा उठवायचा आणि त्याला सांगायचं, बाबा, तू बाहेरचा, पण कपाट आमचं उघड. मी खण उघडला. तबकडी नव्हती.

"काम झालं म्हणून तुम्हीच दिली न मला," बाजी म्हणाल्या. "भाईजानच्या गाडीत लटकून राहिली."

बाजींचा भाऊ इस्माईलभाई लातूर-औसा काळी-पिवळी जीप चालवायचा. तेव्हा प्रत्येक जीपच्या आरशाला चकचकीत तबकडी टांगलेली असायची. नजर लागत नाही म्हणे.

अप्पांची लूना बाहेर होती. अप्पांनी जन्मभर मोठी गाडी घेतली नाही, कारण तुम्हाला माहीतच आहे. मी चालवायला, अप्पा मागे, आणि औशाचा रस्ता. मी लूना अशी हाणली, की रस्त्यावरची एसटी मागे पडली. एसटी थांब्यावर उभी होती, पण मागे पडली हे खरं. गाव सोडल्यावर पुढे धुळीत इस्माईलभाईची जीप दिसली. आत किती माणसं होती हे मोजणं अशक्य, कारण काही माणसांचे फक्त पायच दिसत होते. मी हॉर्न वाजवला. लूनाचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेल्या मांजराचा. इस्माईलभाईने आरशात पाहिलं. पांढरे कपडे, कपाळावर पट्टे, हात वर करून काहीतरी ओरडणारा माणूस. त्याला वाटलं आरटीओचा साहेब. त्याने जीप पिटाळली.

पुढचं वर्णन मी कित्येक लग्नांत केलंय आणि प्रत्येक वेळी जीप थोडी जास्त वेगात गेलीय, म्हणून इथे आवरतं घेतो. एका चढावर जीपला धाप लागली, लूनाला लागली नाही, एवढंच सांगतो. अप्पा उतरून बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

इस्माईलभाईने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "सर, तबकडी न्हाई देत. टांगल्यापासून एक पंक्चर न्हाई गाडीला."

मी त्याला विज्ञान सांगितलं. अप्पांनी त्याला बहिणीची मेहनत सांगितली, सहा महिने, डोळे दुखेपर्यंत. तिथे तो जरा हलला, पण तबकडी सोडेना. शेवटी म्हणाला, तबकडी गाडीतून उतरणार नाही, गाडीच घेऊन येतो. आता आत बसलेल्यांना औशाच्या बाजारात जायचं होतं. दोन पोती हरभरा होता, एक शेळी होती, एक नवरा-नवरी देवदर्शनाला निघाले होते. गलका झाला. तेव्हा मधल्या सीटवरची एक आजी, तिला बाहेर डोकावायलाही जागा नव्हती, आतूनच म्हणाली, "वळव की रं मुडद्या. माझी नात बसलीय तिथं परीक्षेला."

जीप वळली. पुढे जीप, मागे लूना, मैदानात शिरलो तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं पाहुणे आले.

तबकडी आरशावरून सोडवली. लिंबू-मिरचीचे डाग, उन्हाने आलेली अवकळा, आणि मधोमध एक ओरखडा, नांगरटीसारखा. घातली. यंत्र कुरकुरलं आणि गप्प झालं. पुन्हा घातली. पुन्हा गप्प. बाजी खुर्चीवर बसल्या आणि रिकाम्या टेबलावर बोटं चालवायला लागल्या, टाइप केल्यासारखी. मला त्या बोटांची जेवढी भीती वाटली तेवढी यंत्राच्या दिव्यांची नव्हती वाटली.

ओरखडा घासून गुळगुळीत करावा लागतो. त्याला बारीक पूड लागते, अगदी मैद्याहून बारीक. मी टूथपेस्ट मागितली. शेडमध्ये कसली टूथपेस्ट. माझी नजर अप्पांच्या कपाळावर गेली.

"अप्पा, भस्माची डबी हाय का जवळ?"

अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून डबी काढली आणि न विचारता माझ्या हातावर ठेवली. ते फिजिक्सचे, त्यांना कारण सांगावं लागलं नाही. चिमूटभर भस्म, दोन थेंब खोबरेल तेल, ते चहावाल्याने त्याच्या डोक्याचं दिलं, आणि बाजींच्या ओढणीचं टोक. मधून कडेकडे, सरळ रेषेत, हळूहळू घासत गेलो. जीपमधली सगळी माणसं दारात जमली होती. शेळी आत आली होती. इस्माईलभाई माझ्या खांद्यावरून बघत होता, की मी त्याची तबकडी झिजवून संपवतो की काय.

तिसऱ्यांदा घातली. यंत्र कुरकुरलं. थांबलं. मग पडद्यावरून ओळी धावायला लागल्या, एकामागून एक, पाण्याचा पाट सोडल्यासारख्या. त्यात एके ठिकाणी ती ओळ आली, कपाट उघडलं गेल्याची. मी बोट ठेवून दाखवली. अप्पांना इंग्रजी येत होतं, तरी त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली.

बाजी पुढे झाल्या, मला कोपराने बाजूला सारलं आणि आपली फाइल उघडली. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. सगळे होते. बाजींनी ओढणीच्या तेलकट टोकाने डोळे पुसले आणि डोळ्यांत भस्म गेलं म्हणून मलाच झापलं.

पेपर छापायला लागले. इस्माईलभाई कागद मोजत होता, नवरा-नवरी पिना मारत होते, आजी आपल्या नातीला शोधत मैदानभर फिरत होती. मी त्याच बैठकीत नवा कर्नल घडवायला घेतला. फाइलसिस्टिमचा प्रश्न आला तेव्हा अप्पांकडे पाहिलं.

अप्पा म्हणाले, "ह्याला कायम करा."

बाजी सोडल्या तर 'कायम करा' असं अप्पांच्या तोंडून लातुरात त्या दिवशी पहिल्यांदाच निघालं. पुढच्या वर्षी त्यांनी गणिताच्या सरांनाही कायम केलं. छत मात्र पत्र्याचंच ठेवलं, शेवटपर्यंत.

आता कोणी कर्नल घडवत नाही. यंत्रं स्वतःच दुरुस्त होतात, नाहीतर लोक ती फेकून देतात. माझ्या नातवाला मी ही गोष्ट सांगितली तर तो विचारतो, तबकडी म्हणजे काय? कधीकधी वाटतं, हातातली विद्या आरशाला टांगायच्या लायकीची राहिली. पण मग आठवतं, की आरशाला टांगलेलीच त्या दिवशी कामाला आली, आणि बरं वाटतं.

परीक्षा झाली. दुपार कलल्यावर पोरं पॅड बगलेत मारून बाहेर आली. पलीकडच्या मांडवातलं सरबत उन्हाने कोमट झालं होतं. अप्पांनी सगळ्यांना मैदानात बसवलं, मला टेबलावर चढवलं आणि बोलायला सांगितलं. मी बोललो. घाबरलेलं यंत्र, मौलवींचा पत्ता, लूनाची दौड, भस्म, सगळं सांगितलं. आईबाप भारावून गेले होते. इस्माईलभाईच्या डोळ्यांत पाणी होतं, ते माझं बोलणं ऐकून, की त्याची तबकडी अजून यंत्रात होती म्हणून, सांगता येत नाही. शेवटी मी म्हणालो, बाळांनो, हा पेपर तुमच्यापर्यंत पोचवायला आज मराठवाड्याची माती, विद्या आणि देव एक झाले.

टाळ्या थांबल्यावर अप्पांनी पहिल्या रांगेतल्या लोह्याच्या एका मुलीला उभं केलं. "सांग बाळा," म्हणाले, "कसा होता पेपर?"

तिने पॅड एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं.

"सोपा होता," ती म्हणाली. "पण उशिरा सुरू केलाव."